एकदा बसली की उठत नाही

"पुडी चांगली आहे," परांजपे साहेब म्हणाले आणि रिपोर्ट त्यांनी टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "स्टँडर्ड क्वालिटी. फाईल बंद करा."

"सर, तीन मुली सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहेत."

"त्या पुडीमुळे तिथे आहेत, असे या रिपोर्टात लिहिले आहे का?"

तसे लिहिलेले नव्हते. डोकेदुखीच्या पुडीत जितके ॲस्पिरिन, जितके फेनासेटिन आणि जितके कॅफीन असावयास हवे, तितकेच त्या पुडीत होते. भेसळ नाही, वजनात घट नाही. सरकारी प्रयोगशाळेने आपले काम प्रामाणिकपणे केले होते. प्रामाणिकपणावर राग काढता येत नाही. मी रिपोर्ट उचलला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसलो.

मी त्या काळी सोलापुरात ड्रग इन्स्पेक्टर होतो. हे पद ऐकले की लोकांना वाटे, हा मनुष्य गांजा आणि अफू पकडतो. ते काम पोलिसांचे आणि एक्साइजचे. ड्रग इन्स्पेक्टर औषधांची दुकाने तपासतो, परवाने पाहतो आणि संशय आला तर नमुना घेतो. नमुन्याचे सारखे भाग करून प्रत्येकावर लाखेचे सील लावायचे. एक भाग विकणाऱ्याकडे राहतो, एक प्रयोगशाळेत जातो, बाकीचे कोर्टासाठी आणि उत्पादकासाठी. सर्व पंचांसमक्ष. काम नीरस आहे. नीट केले तर नीरसच राहते.

प्रकरणाची सुरुवात झाली ती सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉ. साठे यांच्या फोनने. स्त्रियांचा वॉर्ड त्यांच्याकडे होता. बाईंचे बोलणे तुटक असे. मला ते पसंत होते.

"इन्स्पेक्टर, एकाच बीडी कारखान्यातल्या तीन मुली माझ्याकडे आहेत. ओठ निळे, अंगात रक्त नाही, लघवीतून रक्त जाते. तिघीही एकच पुडी खातात. त्या पुडीत काय कालवतात ते मला शोधून द्या."

मी वॉर्डात गेलो. मुलींपैकी सरोजा नावाची एकच उठून बसू शकत होती. वय एकोणीस. शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली. वडील पॉवरलूमवर, घरात तेलुगू, बाहेर मराठी. तिचे ओठ जांभळे खाल्ल्यासारखे दिसत होते. शेजारी तिची आई नरसम्मा बसली होती. तीही त्याच कारखान्यात विड्या वळत असे.

"पुडी कुठून घेतेस?" मी विचारले.

"कारखान्यातनं."

"कशासाठी?"

भाकरी कशासाठी खातेस, असे मी विचारल्यासारखे तिने माझ्याकडे पाहिले. "डोकं उठतंय की."

"दिवसातून किती?"

उत्तर आईने दिले. "च्या संगं एक. मधी डोकं धरलं तर आनिक एक. लई न्हाय साहेब. ही अजून ल्हान हाय. आमी लई घेतो."

मी नरसम्माच्या ओठांकडे पाहिले. पानाच्या रंगाखाली तोच रंग होता.

"आणि चहा किती वेळा होतो?"

"च्या व्हय? च्याला काय मोजायचं साहेब. च्यावरच तर दिवस निघतोय."

"पुडी घेतली नाही तर काय होते?"

"हात चालत न्हाय," सरोजा म्हणाली. "अंग जड पडतंय. मग आणखी डोकं दुखतंय."

"माझी सरोजा हजार विडी वळती," नरसम्मा मध्येच म्हणाली. मुलीच्या आजाराविषयी ती आतापर्यंत दबून बोलत होती. हे वाक्य मात्र ताठ आले. "एकदा बसली की उठत न्हाय. साऱ्या कारखान्याला म्हाईत हाय."

त्या वाक्याकडे मी लक्ष दिले नाही. मला पुडी हवी होती.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. आणीबाणीचा उन्हाळा होता. सोलापूरचे ऊन मी वर्णन करून सांगत नाही, ज्यांनी सोसले आहे त्यांना सांगण्याची गरज नाही. शेडमध्ये बायका आणि मुली ओळीने मांडी घालून बसलेल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. सुपात टेंभुर्णीच्या झाडाची कापलेली पाने, तंबाखू आणि दोरा. पान घ्यायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. संध्याकाळी चेकर कट्टे तपासतो आणि सैल किंवा वाकडी विडी बाजूला काढतो. तिला छाट म्हणतात. छाट गेलेल्या विडीची मजुरी मिळत नाही, पान मात्र वळणारीच्या नावे पडते.

सकाळी माल देण्याचे काम मुनीम करी. त्याला सर्व जण तात्या म्हणत. मी गेलो तेव्हा तात्या सुपात माल घालत होते. पान तोलले, तंबाखू तोलली, दोरा ठेवला आणि त्यावर पुड्या ठेवल्या. हाताच्या त्याच गतीने. तंबाखू आणि पुडी यांच्यामध्ये त्यांचा हात क्षणभरही थांबला नाही.

"हे औषध तुम्ही देता?" मी विचारले.

"औषध कुठलं साहेब? पुडी हाय ती."

"पुडी औषधच असते."

"मग सोलापुरात समदेच डॉक्टर की," तात्या हसून म्हणाले. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली.

मी नमुना घेतला, सील लावले, पाठवला. भेसळ निघेल अशी माझी खात्री होती. तीन मुली एकाच वेळी निळ्या पडतात, तेव्हा इन्स्पेक्टरचे डोके त्याच दिशेने चालते. कोणीतरी लबाडी केली असेल; तो सापडेल; खटला होईल. मग रिपोर्ट आला आणि साहेबांनी फाईल बंद करावयास सांगितले.

मी तो रिपोर्ट डॉ. साठे यांना दाखवला. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"म्हणजे भेसळ नाही. पुडीच आहे. एखादी कधीतरी घेतली तर काही होत नाही. वर्षानुवर्षे दिवसभर घेतली की फेनासेटिन रक्त नासवते आणि मूत्रपिंड खाते. कॅफीनने तरतरी येते. ते उतरले की डोके दुखते, म्हणून पुन्हा पुडी. या मुली दहा-अकरा वर्षांच्या असल्यापासून घेतात. अफूपेक्षा वेगळे काय आहे यात?"

"अफू बेकायदा आहे," मी म्हणालो.

"मग अभिनंदन," बाई म्हणाल्या.

साहेबांचे म्हणणे मी पुन्हा ऐकून घेतले. "नशा म्हणजे गांजा, चरस, अफू. डोकेदुखीच्या पुडीला नशा म्हणालात तर उद्या चहालाही म्हणाल. विनापरवाना विक्रीची केस करायची असेल तर जरूर करा. या महिन्यात आपल्या केसेस कमी आहेत." शहरात परवान्याशिवाय औषध विकणे हा गुन्हा होता. तात्यांवर खटला भरता आला असता. आमचा आकडा वाढला असता आणि मुलींनी कोपऱ्यावरच्या केमिस्टाकडून तीच पुडी घेतली असती, परवान्यासहित.

मी पुन्हा शेडवर गेलो. या वेळी नमुना घ्यावयाचा नव्हता. नुसते बसावयाचे होते. तात्यांना ते आवडले नाही, परंतु त्या दिवसांत सरकारी माणसाला ऊठ म्हणण्याची कोणाची छाती नव्हती.

दुपारपर्यंत माझेच डोके दुखू लागले. कोपऱ्यात मोठा रांजण होता. मी पाणी घेण्यास गेलो. रांजण काठोकाठ भरलेला होता. झाकणावर तंबाखूची धूळ बसली होती. साखळीला बांधलेला पेला कोरडा आणि आतूनही धुळीने भरलेला. त्या उन्हात, पत्र्याखाली, एवढ्या बायकांत, दुपारी रांजण भरलेला.

मी पेला धुऊन पाणी प्यालो. काही वेळाने मला जावे लागले. तात्यांनी शेडमागची भिंत दाखवली. जाऊन आलो आणि विचारले, "बायका कुठे जातात?"

"बायका?" तात्या म्हणाले. "बायका जात न्हाईत."

हे त्यांनी थट्टेने म्हटले नव्हते. शेडच्या एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला गिरणीची भिंत, मागे ट्रक उभे राहण्याची जागा. पहाटे अंधारात घरून जाऊन यावयाचे आणि नंतर दिवे लागल्यावर. मधल्या वेळात पाणी प्यावयाचे नाही.

मी ओळीतल्या एका वयस्क बाईला विचारले, "बाई, पाणी का पीत नाही तुम्ही?"

तिने मान वर केली नाही. हात चालूच होते. "पिलं तर उठावं लागतंय साहेब. उठून जाऊ कुटं? तुमच्या हाफिसात?"

ओळभर हसू पसरले. मग सगळ्या पुन्हा पानांकडे वळल्या. तेव्हा मला नरसम्माचे वाक्य आठवले. एकदा बसली की उठत न्हाय.

बाकीची चौकशी सोपी होती. या मुली पहाटे नळाच्या रांगेत उभ्या राहात, स्वयंपाक करीत, शेडवर येत. संध्याकाळी घरी जाऊन मागासाठी कांड्या भरीत, म्हणजे आडव्या धाग्याच्या नळ्या गुंडाळीत. भाऊ शाळेत जात. ते धंद्यात येईपर्यंत बहिणींचे हात हवे असत. झोप कमी, पाणी नाही, पत्र्याखालचे ऊन, तंबाखूचा खकाणा. डोके दुखणारच. डोके दुखले म्हणून घरी जाण्याची सोय नाही, म्हणून पुडी. आणि ती पुडी कोरड्या शरीरात जाऊन मूत्रपिंडावर बसे. डॉ. साठे यांना मी रांजणाविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी हातातला केसपेपर खाली ठेवला. नंतर म्हणाल्या, "मी त्यांना रोज सांगते, भरपूर पाणी प्या. त्या मान हलवतात. मला वाटे, समजले."

त्याच आठवड्यात एका कॉलेजने तरुणींतील व्यसनाधीनता या विषयावर परिसंवाद ठेवला आणि आमच्या खात्याकडे वक्ता मागितला. साहेबांनी मला पाठवले. माझ्या आधीच्या प्राध्यापकांनी हिप्पी आणि गोवा यांवर पाऊण तास घेतला. मी पुडी आणि रांजण यांविषयी बोललो. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली: कृपया विषयाला धरून बोलावे. नंतर एका महिला मंडळाच्या बाईंनी मला गाठले. त्यांना त्या मुलींसाठी व्यसनमुक्तीवर कीर्तन ठेवावयाचे होते.

"कुठे ठेवणार?" मी विचारले.

"कारखान्यातच. काम सुटल्यावर."

"म्हणजे त्यांना आणखी तासभर बसवणार."

बाईंना राग आला. त्यांचा हेतू चांगला होता. या प्रकरणात वाईट हेतूचे माणूस मला कोठेच भेटले नाही आणि हीच माझी अडचण होती.

मी कामगारांशी संबंधित खात्याला लिहिले. बीडी कारखान्यात संडास आणि पाणी असलेच पाहिजे असा कायदा होता. उत्तर आले की सदर शेड हा कारखाना नाही. कागदोपत्री ती केवळ माल देण्याघेण्याची शाखा आहे आणि बायका आपापल्या घरी विड्या वळतात. मी त्या बायकांना स्वतःच्या डोळ्यांनी तेथे बसलेले पाहिले आहे, असे पुन्हा लिहिले. त्याला उत्तर आले नाही.

मग मी कारखानदाराकडे गेलो. चंदूशेठ सभ्य मनुष्य होता. त्याने सरबत मागवले.

"शेठ, तुमच्या शेडमध्ये औषधाचा साठा सापडला आहे. परवाना नाही. खटला होईल."

"पुडीला परवाना?"

"पुडीला."

"साहेब, त्या बायकाच मागतात. न दिली तर दुसऱ्या कारखान्यात जातात. मी नाही म्हणून माझं नुकसान, त्यांचंबी नुकसान. चांगुलपणाची शिक्षा म्हणा की ही."

"शिक्षा टाळता येईल. शेडमागे बायकांसाठी संडास बांधा. आडोशाची भिंत घाला. पुडीची पेटी आज बंद करा."

शेठने सरबताचा पेला खाली ठेवला. "तुमी ड्रग इन्स्पेक्टर हाय का सॅनिटरी इन्स्पेक्टर?"

"दिवस कसे आहेत ते तुम्ही जाणता," मी म्हणालो. "खटला म्हटला की वर्तमानपत्रात येतो."

हे नियमात बसत नव्हते. ते मला तेव्हा ठाऊक होते आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. संडास बांधून झाले. भिंत झाली. मी पाहावयास गेलो, तेव्हा दारांना कुलपे होती.

"किल्ली?" मी विचारले.

तात्यांनी कमरेला हात लावला. "माझ्याकडं हाय. सांभाळाय नको? नवीन बांधकाम."

"किती जणींनी मागितली?"

"कुणीच न्हाय. मी म्हनलं हुतं की साहेब, बायका जात न्हाईत."

एकोणीस वर्षांच्या मुलीने सर्वांसमोर उठून, चालत जाऊन, पुरुष मुनीमाकडे संडासाची किल्ली मागावयाची. ही व्यवस्था ज्याने केली त्याला आपण काही चूक केली असे वाटतही नव्हते. मी तात्यांना कुलपे काढावयास सांगितले. ते हो म्हणाले. त्यांच्या हो म्हणण्याचा अर्थ मला पुढच्या भेटीत कळला. कुलपे होती तशीच होती.

दरम्यान सरोजा घरी गेली होती. डॉ. साठे यांनी तिची पुडी सोडवली होती. पहिले काही दिवस ती डोके भिंतीवर आपटत होती, असे त्यांनी मला सांगितले. नंतर ओठांचा रंग थोडा परतला. मूत्रपिंडाचे जे नुकसान झाले ते झाले. उरलेले वाचवावयाचे होते. पुन्हा पुडी सुरू झाली तर वाचणार नाही, इतके त्यांनी आईला स्पष्ट सांगितले होते. तपासणीचा दिवस आला आणि गेला. सरोजा आली नाही. तुम्ही त्या भागात जातच असता, तिला घेऊन या, असे बाईंनी मला सांगितले.

मी दुपारी त्यांच्या घरी पोहोचलो, तेव्हा पाहुणे बसले होते. सरोजाला पाहावयाचा कार्यक्रम होता. मी परत फिरलो, तर नरसम्माने मला आत ओढल्यासारखे बोलावले. "या की साहेब, बसा. सरकारी साहेब हायेत आमच्या वळखीचे," तिने पाहुण्यांना सांगितले. माझी खुर्ची नवरदेवाच्या शेजारी मांडली गेली. तो लूमवर काम करणारा, मान खाली घालून बसणारा मुलगा होता. बोलत होती ती त्याची आई, राजम्मा.

त्या घरांत मुलगी पाहण्याची एक रीत होती. पोहे, प्रश्न हे सर्व होतेच. पण मुख्य परीक्षा सुपाची. मुलगी सूप मांडीवर घेऊन पाहुण्यांसमोर एक कट्टा वळते. सासू होणारी बाई तिच्या हातांकडे पाहते, शेवटी कट्टा हातात घेते आणि चेकरासारखा तपासते. कट्टा पुरा होईपर्यंत मुलीने उठावयाचे नाही. लग्नानंतर याच हातांवर घर चालणार असते, म्हणून ही परीक्षा. तिला दोष देणे सोपे आहे.

सरोजा वळू लागली. तिचे हात मी शेडमध्ये पाहिलेल्या हातांपेक्षा मंद होते. राजम्माच्या ते लक्षात आले.

"पुडी घेती का?" राजम्माने विचारले. स्वयंपाक येतो का, याच सुरात.

नरसम्मा माझ्याकडे बघून अडखळली. "घेत हुती. दवाखान्यात सोडवली."

"आगं बाई. मग हात कसा चालायचा?" राजम्माला खरेच वाईट वाटले. ती सरोजाकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, "पोरी, भ्याचं कारन न्हाय. आमच्यात पुडीला कमी न्हाय. माज्या थोरल्या सुनंला इचार. पुडीसाठी कुनाला म्हायेरी हात पसरू दिला न्हाय मी."

मी आयुष्यात लबाड माणसे पुष्कळ पाहिली. ही बाई लबाड नव्हती. ती येणाऱ्या सुनेला सुखाचे आश्वासन देत होती.

मी बोललो. मी बोलावयास नको होते, असे नरसम्माचा चेहरा सांगत होता. "बाई, या मुलीला पुडी चालणार नाही. तिची मूत्रपिंडे अर्धी गेली आहेत. डॉक्टरांनी सांगितले आहे."

"तुमी कोन साहेब?"

"औषध खात्याचा इन्स्पेक्टर."

"मग तुमी सांगा. पुडी वंगाळ हाय का? भेसळीची हाय?"

मला खोटे बोलता आले नाही. "भेसळ नाही. तपासली आहे."

"मग झालं की," राजम्मा म्हणाली.

अगदी हेच मी परांजपे साहेबांच्या टेबलासमोर ऐकले होते. त्यांना पदवी होती, या बाईला अक्षरओळख नव्हती, निष्कर्ष एकच. खोलीत फक्त दोरा तुटल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात सरोजाने सूप मांडीवरून खाली ठेवले. कट्टा अर्धा झाला होता. ती उठली, कोपऱ्यातल्या माठाशी गेली आणि उभ्यानेच पेलाभर पाणी प्याली. मग आणखी एक पेला घेतला. मग मागच्या दाराने बाहेर गेली.

नरसम्मा उगीचच म्हणाली, "गरमी लई हाय आज."

काही वेळाने सरोजा परत आली, सूप पुन्हा मांडीवर घेतले आणि उरलेल्या विड्या वळून कट्टा बांधला. तो तिने राजम्मापुढे ठेवला. राजम्माने दोरा सोडला, एकेक विडी बोटांत फिरवून पाहिली. एकही छाट निघाली नाही.

"विडी चांगली हाय," ती म्हणाली आणि पदर सावरून उठली. "पन उठती."

सोयरीक मोडली. पाहुणे गेल्यावर नरसम्मा दारातच उभी राहिली. "साहेब, तुमी आला नसता तर पोरगी उजवली असती," ती म्हणाली. त्या दिवशी मी सरोजाला दवाखान्यात नेऊ शकलो नाही. दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली.

काही आठवड्यांनी तात्या स्वतः माझ्या ऑफिसात आले. तक्रार घेऊन आले होते.

"साहेब, त्या पोरीला सांगा काईतरी."

"कोणत्या?"

"सरोजा. दिवसातनं कितींदा किल्ली मागती. ते बी वरडून. 'तात्या, किल्ली द्या.' सारी शेड ऐकती. मी म्हनलं, आत्ताच नेली हुतीस की. तर म्हनती, आत्ताच पानी पिले की."

"मग?"

"मग काय, आता बाकीच्या बी मागाय लागल्यात. मी माल तोलू का किल्ली सांभाळू?"

"किल्ली खिळ्याला अडकवा."

"आन् कुनी घान केली तर?"

"तात्या," मी म्हणालो, "ते घाण करण्यासाठीच बांधले आहे."

किल्ली खिळ्याला गेली. पुढे कुलपेही गेली. रांजण दुपारी रिकामा होऊ लागला आणि तात्या पाणीवाल्याच्या नावाने बोटे मोडू लागले. पुड्या बंद झाल्या नाहीत, कमी झाल्या. नरसम्माने शेवटपर्यंत सोडली नाही. सरोजाचे लग्न उशिरा झाले. नवरा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होता. त्या घरात विड्या नव्हत्या. ती डॉ. साठे यांच्याकडे वर्षातून एकदा तपासणीला येत राहिली, एवढे मला माहीत आहे.

राजम्माने मुलासाठी त्याच गल्लीतली दुसरी मुलगी पसंत केली. पद्मा. त्या तीन मुलींपैकीच एक. सरोजाच्या शेजारच्या खाटेवर होती. तिनेही पाहुण्यांसमोर कट्टा वळला आणि ती उठली नाही. आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी तिला बाळंतपणासाठी सिव्हिलमध्ये आणले. मूत्रपिंडे बंद पडली होती. डॉ. साठे यांनी मला फोन करून फक्त नाव सांगितले. राजम्मा वॉर्डाबाहेर बसून रडत होती. तिने सुनेला पुडी खरोखरच कधी कमी पडू दिली नव्हती.

त्याच्या पुढच्या वर्षी चंदूशेठने शेड बंद केली आणि काम खरोखरच घरोघर दिले. कागद अखेर खरा झाला. घरी किल्लीचा प्रश्न नव्हता, कारण घरी संडासच नव्हते. फेनासेटिनवर बंदी आली ती आणखी काही वर्षांनी, आणि ती सोलापुरातल्या कोणाच्या सांगण्यावरून आली नाही.

पद्मा गेल्यावर मी राजम्माच्या गल्लीतल्या दुकानातून पुन्हा नमुना घेतला. सील लावले, पंचांच्या सह्या घेतल्या, पाठवला. रिपोर्ट वेळेवर आला. स्टँडर्ड क्वालिटी. परांजपे साहेबांनी या वेळी काही विचारले नाही. मीच फाईल बंद केली. आमच्या कायद्यात नमुना पुडीचा घेता येतो. ती खाणारीला जेथे बसवतात, त्या जागेचा नमुना घेण्याची तरतूद नाही.